मोठी नावं, छोटी गावं

2023 च्या सप्टेंबरात आम्ही नवरा-बायको जिनिव्हा सरोवराच्या काठाने निघून स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात हिंडलो. आखणी नवऱ्याची. तो इतिहासवेडा, त्यामुळे प्रत्येक मुक्कामाला एक बडं नाव चिकटलेलं: शिलाँला बायरन, सेंट बर्नार्डला नेपोलियन, झरमॅटला व्हिंपर. माझ्या हट्टाचं ठिकाण एकच होतं, लोचेंटाल खोरं. आज मागे बघताना यादीतली बडी नावं फिकी पडली आहेत आणि त्यांच्या आजूबाजूची माणसं पुढे आली आहेत.

शिलाँचा किल्ला सरोवरातल्या खडकावर उभा आहे. डोंगर आणि पाणी यांच्यामधली इटलीकडची चिंचोळी वाट अडवून जकात घ्यायची, हा त्याचा मूळ धंदा. जिनिव्हाचा बंडखोर फ्रांस्वा बोनिव्हार इथे 1530 ते 1536 कैदेत होता, त्यातली चार वर्षं तळघरात साखळदंडाने बांधलेला. बर्नच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा तो सुटला. 1816 मध्ये इंग्रज कवी बायरन आला, त्याने या कैद्यावर दीर्घ कविता लिहिली आणि तळघराचं तीर्थक्षेत्र झालं. खांबावर कोरलेलं बायरनचं नाव तिथे कौतुकाने जपलंय. आपल्याकडे गडावर नाव कोरणाऱ्याला आपण शिव्या घालतो, हे मी नवऱ्याला तिथेच ऐकवलं.

सेंट बर्नार्डची खिंड 2,469 मीटरवर आहे. तिथला मठ अकराव्या शतकापासून वाटसरूंना आसरा देत आलाय. मे 1800 मध्ये नेपोलियनने सुमारे 40,000 सैन्य याच बर्फातून इटलीत उतरवलं. दाव्हीदच्या प्रसिद्ध चित्रात तो उधळलेल्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात तो खेचरावर होता आणि वाट दाखवायला बरोबर स्थानिक माणूस होता. तोफा पोकळ केलेल्या ओंडक्यांत घालून ओढल्या. लाकूड, भांडी, मजुरी याचा बराच भार वाटेवरच्या बूर्ग-सें-प्येर गावावर पडला. पैसे चुकते करण्याचं वचन नेपोलियनने दिलं आणि ते तसंच राहिलं. 1984 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी गावाला एक स्मृतिचिन्ह देऊन विषय मिटवला. जाताना बस त्या गावातून गेली तेव्हा आम्ही वरच्या खिंडीचाच विचार करत होतो.

झरमॅटला मोटारगाड्यांना बंदी आहे, आणि मॅटरहॉर्न दिसलं की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. 14 जुलै 1865 रोजी गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपरसह सात जण या 4,478 मीटरच्या शिखरावर पहिल्यांदाच पोहोचले. उतरताना दोर तुटून चौघे दरीत गेले. वाचले ते व्हिंपर आणि गावातले दोन वाटाडे, पीटर टाउगवाल्डर बापलेक. दोर बापाने मुद्दाम कापला, असा बोभाटा झाला. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी संशय सुटला नाही. तो तुटका दोर इथल्या संग्रहालयात ठेवलाय. त्याच्यासमोर नवरा व्हिंपरबद्दल भरभरून बोलत होता. मला मात्र टाउगवाल्डरची काळजी वाटत होती. त्याला ह्याच गावात, ह्याच डोंगराखाली लोकांना तोंड द्यायचं होतं. जुन्या वस्तीतली लाकडी कोठारं मला शिखराइतकीच आवडली. उंदीर वर चढू नयेत म्हणून त्यांच्या पायांवर दगडी चकत्या बसवल्या आहेत.

तिथून लोचेंटालला. गोपेनश्टाइन स्टेशन लोचबर्ग बोगद्याच्या तोंडाशी आहे. 1913 मध्ये सुरू झालेला हा बोगदा सरळ खणायचा होता. 24 जुलै 1908 रोजी पलीकडच्या बाजूने पाणी-गाळ आत घुसून 25 कामगार गाडले गेले. तो भाग भिंत घालून बंद केला आणि बोगदा वळवून नेला. गाडीतून जाताना ते वळण कळतही नाही.

खोऱ्यात पिवळ्या पोस्टबसने ब्लाटेनला पोचलो. उन्हाने काळपटलेली लार्चची घरं, बाजूने लोंझा नदी. हिवाळ्याच्या अखेरीस खोऱ्यातले लोक भेसूर लाकडी मुखवटे आणि मेंढ्या-बकऱ्यांची कातडी चढवून गावोगाव हुंदडतात. कोणी थोर माणूस येऊन गेल्याची पाटी काही दिसली नाही. नवऱ्याने कॅमेरा जवळजवळ काढलाच नाही.

28 मे 2025 रोजी हे गाव गाडलं गेलं. वरच्या शिखराचे कडे ढासळून बिर्च हिमनदीवर साचत होते. तो भार तिला पेलला नाही आणि बर्फ, दगड, माती एकत्रच खाली आली. गावाचा बहुतेक भाग ढिगाऱ्याखाली गेला, नदी तुंबली, उरलेली घरं पाण्यात बुडाली. एक जण दगावला. पण गावातली सुमारे 300 माणसं आणि जनावरं 19 मेलाच बाहेर काढली होती, कारण डोंगराच्या हालचालीवर नजर होती आणि निघा म्हटल्यावर लोक निघाले.

माझ्या मनात अर्थातच माळीण आलं. 2014 च्या जुलैत तिथे दरड कोसळून दीडशेवर माणसं गेली. आम्ही स्वित्झर्लंडला निघायच्या दोनच महिने आधी इर्शाळवाडी रात्रीत गाडली गेली होती. तुलना सरळ नाही, हे मान्य. पावसाने भिजलेला उतार काही क्षणांत सुटतो. ब्लाटेनच्या कड्याने आधी इशारे दिले होते. शिवाय त्या देशाकडे पैसा आहे. पण इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतच नव्हती, हे पावसाच्या माथी मारता येत नाही. बायरनचं नाव खांबावर दोनशे वर्षं जपता येतं, तर डोंगराखालच्या वाडीचं नाव निदान यादीत तरी चढवता आलं पाहिजे. त्यासाठी स्वित्झर्लंडइतका पैसा लागत नाही.