संकेत आणि बिघाड : व्हेंट व्हॉल्व्हच्या विद्युत्‌मंडलाचे निदान

मोटारीच्या दर्शनी फलकावरील पिवळा दिवा लागावा, निदानयंत्राने ‘पी ०४४९’ हा संकेत दाखवावा आणि तेवढ्यावरून व्हेंट व्हॉल्व्ह बदलला जावा, असा प्रकार पुष्कळदा घडतो. नवा व्हॉल्व्ह बसविल्यावरही तोच संकेत पुन्हा उमटला, तर दोष यंत्राइतकाच वाचनाचाही असतो. संकेत मंडलाविषयी विधान करीत असतो. वाचणारा ते वस्तूविषयीचे विधान समजतो. या दोहोंतील अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पेट्रोलच्या टाकीत निर्माण होणारी वाफ वातावरणात जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डबीत धरून ठेवली जाते. इंजिन चालू असता पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ही वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. तिच्या जागी बाहेरची हवा ज्या वाटेने डबीत येते, त्या वाटेवर व्हेंट व्हॉल्व्ह असतो. विद्युत्‌प्रवाह नसताना पर्ज व्हॉल्व्ह मिटलेला असतो, तर व्हेंट व्हॉल्व्ह उघडा. गळतीची परीक्षा घेताना नियंत्रक व्हेंट व्हॉल्व्ह मिटवितो आणि बंदिस्त टाकीतील दाब कसा बदलतो हे पाहतो.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वयंनिदानपद्धती बंधनकारक झाली. तिच्या संकेतांना निश्चित रचना आहे. ‘पी’ हे अक्षर इंजिन व गतिप्रेषण यांचे द्योतक. पुढील ‘०’ हा संकेत सर्व निर्मात्यांना समान असल्याचे सांगतो. ‘४’ हा आकडा उत्सर्जननियंत्रणाच्या साहाय्यक साधनांचा. ०४४७ म्हणजे व्हेंटचे मंडल खंडित, ०४४८ म्हणजे शॉर्ट, ०४४९ म्हणजे व्हॉल्व्हच्या मंडलातील दोष. ०४४६ च्या नावातही ‘मंडल’ हा शब्द आहे. तथापि काही निर्माते तो हवेचा मार्ग चिखलाने किंवा कोळ्याच्या जाळ्याने तुंबल्यास योजतात. तेथे तारा तपासणे व्यर्थ ठरते. म्हणून नावावर विसंबून न राहता तो संकेत कोणत्या परिस्थितीत उमटतो, हे त्या मोटारीच्या दुरुस्तीपुस्तिकेतच पाहावे लागते.

पुष्कळ मोटारींत मंडलाची मांडणी अशी असते : बॅटरीचा पुरवठा फ्यूजमधून व्हॉल्व्हच्या कॉइलला मिळतो, कॉइलची दुसरी तार नियंत्रकाकडे जाते आणि नियंत्रक ती अर्थशी जोडतो. जोड तुटलेला असता या तारेवर बॅटरीइतका दाब असावा. जोडल्यावर तो शून्याजवळ यावा. आज्ञा व निरीक्षण जुळले नाही की संकेत उमटतो. म्हणजे नियंत्रकास व्हॉल्व्ह दिसत नाही. एका तारेची अवस्था तेवढी दिसते. जळलेला फ्यूज, तुटलेली तार, गंजलेला कनेक्टर आणि तुटलेली कॉइल ही चार भिन्न कारणे त्याच्या लेखी एकच होत.

ही कारणे वेगळी करण्याचे काम क्रमवार तपासणीचे आहे. व्हॉल्व्ह बहुधा टाकीजवळ गाडीच्या तळाशी असल्यामुळे पाणी, चिखल आणि थंड प्रदेशात रस्त्यावर टाकलेले मीठ यांचा मारा कनेक्टरवर होतो. म्हणून फ्यूजनंतर पाहणी तेथूनच सुरू करणे इष्ट. त्यानंतर कनेक्टर सोडवून, इग्निशन चालू करून पुरवठ्याच्या तारेवरील दाब पाहावा. येथे एक फसगत संभवते. कॉइलचा रोध ३० ओहम धरल्यास १२ व्होल्टवर तिच्यातून ०.४ अँपिअर प्रवाह वाहतो. गंजलेल्या जोडाने आणखी ३० ओहम रोध आणला, तर कॉइलला ६ व्होल्टच मिळतात. परंतु डिजिटल मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नसल्याने उघड्या कनेक्टरवर तो १२ व्होल्टच दाखवितो. त्याचे वाचन खोटे नसते. विचारलेला प्रश्नच अपुरा असतो. म्हणून भाराखाली परीक्षा हवी.

त्यासाठी कॉइलहून अधिक प्रवाह न घेणारा लहान टेस्ट लॅम्प कनेक्टरच्या दोन टोकांत जोडावा आणि निदानयंत्राद्वारे व्हॉल्व्ह मिटविण्याची आज्ञा द्यावी. आज्ञेबरोबर दिवा तेजाने लागला व विझला, तर तारा आणि नियंत्रक निर्दोष असून संशय कॉइलवर अथवा कनेक्टरच्या पकडीवर येतो. दिवा आज्ञेविना लागलेला राहिला, तर नियंत्रणाची तार बहुधा अर्थला शॉर्ट झालेली असते. पुरवठा ठीक असूनही दिवा लागलाच नाही, तर ती तार खंडित आहे किंवा नियंत्रक सदोष आहे. तारेची अखंडता सिद्ध झाल्यावाचून नियंत्रकास दोषी ठरवू नये. तो सर्वांत महाग असून त्याच्यावरील आरोप सर्वांत शेवटी यावा.

या बिघाडांचे परिणामही सारखे नाहीत. तार अर्थला शॉर्ट झाल्यास व्हॉल्व्ह मिटलेलाच राहतो. टाकीतील हवेला वाट न मिळाल्याने पेट्रोल भरताना पंपाची नळी वारंवार बंद पडते. मंडल खंडित झाल्यास मात्र व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि चालकाला काहीच जाणवत नाही. परंतु गळतीची परीक्षा होऊ शकत नाही. एखादी खरी गळती झाली तरी ती मग अज्ञातच राहते.

शेवटी, संकेत पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. नियंत्रकाची स्वयंपरीक्षा पुन्हा पूर्ण होऊन संकेत उमटला नाही, तरच निदान खरे ठरले असे म्हणता येईल. संकेत हा शोधाचा आरंभ आहे. त्यालाच निष्कर्ष मानल्यास निर्दोष भाग बदलले जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.