कातळाची चकती

बोगदा खोदणारं यंत्र (टीबीएम) मागवण्याआधी त्याच्या एका डिस्क कटरवर, म्हणजे कातळ कापणाऱ्या चाकावर, किती बल येणार, याचा अंदाज घ्यावा लागतो. 17 इंची कटरचं बेअरिंग साधारण 250 किलोन्यूटन पेलतं. तेवढ्या बलात तो एका फेरीला कातळात किती शिरेल, यावर कामाची मुदत ठरते. या अंदाजामागच्या चाचण्यांत मला सर्वांत देखणी वाटते ती ब्राझिलियन चाचणी.

कातळातून काढलेल्या 54 मिलिमीटर व्यासाच्या कोअरची, म्हणजे दंडगोल नमुन्याची, व्यासाच्या निम्म्या जाडीची चकती कापायची आणि कडेवर उभी करून प्रेसमध्ये दाबायची. दाब उभा असला तरी चकतीच्या पोटात ताण आडवा पडतो आणि ती उभी दुभंगते. 20 किलोन्यूटनला फुटली, तर ताणसामर्थ्य सुमारे 8.7 मेगापास्कल. ही पद्धत 1943 साली फर्नांडो कार्नेरो यांनी मांडली. रिओ द जानेरोत नव्या हमरस्त्याच्या वाटेतलं एक चर्च काँक्रीटच्या दंडगोल रूळांवरून सरकवायचं घाटत होतं, त्या रूळांच्या तपासणीतून ती निघाली. चर्च शेवटी पाडलंच. चाचणी जगभर रुजली.

कटरखालीही कातळ ताणानंच सुटतो. धारेखाली भुगा होतो, त्या दाबातून भेगा बाजूला धावतात आणि शेजारच्या खाचेला मिळाल्या की चपटी कपची निघते. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या कटरबलाच्या सूत्रात म्हणूनच दोन्ही सामर्थ्यं येतात: दाबसामर्थ्य दुप्पट झालं तर बल सुमारे 1.6 पट, ताणसामर्थ्य दुप्पट झालं तर 1.26 पट. खऱ्या मापाच्या कटरनं ठोकळे कापून ते बसवलंय, त्यामुळे माझा त्यावर भरवसा आहे. टोकदार पिकसाठीच्या, म्हणजे कातळ खणणाऱ्या दातासाठीच्या, ईव्हान्स यांच्या सूत्रात मात्र ताणसामर्थ्य तेच ठेवून दाबसामर्थ्य वाढवलं की बल घटतं. हे मला कधीच पटलेलं नाही.

खरी अडचण नमुन्यातच असते. मुंबईच्या मेट्रो 3 साठी 17 टीबीएम उतरली, ती बसाल्ट, ब्रेशिया, टफ अशा बदलत्या खडकांत. अशा खडकातला सांधे (नैसर्गिक भेगा) असलेला तुकडा कोअर बॉक्समध्येच मोडतो. प्रेसखाली पोचतो तो अखंड, मजबूत तुकडा. साहजिकच सामर्थ्याचे आकडे चढे येतात. अहवालात ताणसामर्थ्याशेजारी आरक्यूडी (कोअरच्या अखंडपणाचं माप), सांध्यांची दिशा आणि बाद झालेल्या तुकड्यांची नोंद हवीच, आणि यंत्र चालू झालं की सुरुवातीच्या टप्प्यातला थ्रस्ट आणि दर फेरीची खोली पाहून सगळा हिशेब पुन्हा मांडायला हवा.