जठराच्या आत (भाग ९) : बाटल्या किती?

मागच्या आठवड्यात आपण अस्तराची झीज कुठवर गेली ते दाखवणारी किमुरा-ताकेमोतोंची रेषा जठराच्या आखूड कडेने वर चढताना पाहिली. आज दुर्बिणीतल्या निळ्या प्रकाशाकडे वळायचं कबूल केलं होतं, पण तो विषय पुढच्या आठवड्यावर टाकतो. कारण वसईतल्या गिरीजहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय, सोबत बायोप्सीच्या रिपोर्टाची झेरॉक्स. सततच्या पित्तासाठी त्यांनी दुर्बिणीची तपासणी करून घेतली. रिपोर्टात ‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया’ असं आलं, मुलाने ते मोबाइलवर शोधलं आणि तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. त्या विचारतात, हा कॅन्सर का? आणि सुकट-बोंबील बंद करू का?

ताई, हा कॅन्सर नाही. जठराच्या अस्तराने वर्षानुवर्षं सूज सोसली, बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर जंतूमुळे, की त्याच्या मूळच्या ग्रंथी झिजतात आणि काही ठिकाणी आतड्यासारख्या पेशी उगवतात. त्यातल्या फार थोड्या जागा पुढे बिघडतात. नेदरलँड्समध्ये देशभरच्या बायोप्सींच्या नोंदी तपासून २००८ साली आकडे प्रसिद्ध झाले. मेटाप्लेझिया सापडलेल्यांत वर्षाला सुमारे ०.२५ टक्के लोकांना जठराचा कॅन्सर झाला, म्हणजे ४०० जणांत एकाला. पुढच्या पायरीवर, म्हणजे पेशींची ठेवणच बिघडते त्या तीव्र डिसप्लेझियात, हाच आकडा ६ टक्के होता. तुमच्या रिपोर्टात डिसप्लेझिया नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. तेवढं मुलाला आधी वाचून दाखवा.

मी मात्र अडकलो तो निदानाच्या वरच्या ओळीत. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही. ‘जठराचे दोन तुकडे, एका बाटलीत.’ जठराच्या कुठल्या भागातले, ते लिहिलेलं नाही.

तुमच्याकडे वाडी असेल तर माती परीक्षणाची रीत ठाऊक असेल. नागमोडी चालत आठ-दहा जागची माती घ्यायची, घमेल्यात एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरायची. तिथे सगळ्या वाडीची सरासरी हवी असते. जठराला सरासरी लावली की घात होतो. मेटाप्लेझिया ठिपक्याठिपक्यांनी येतो आणि तो कुठवर पसरलाय यावर पुढचं सगळं ठरतं. फक्त खालच्या भागात, म्हणजे अँट्रममध्ये असेल तर धोका कमी. वरच्या मोठ्या भागातही शिरला असेल तर जास्त. युरोपातल्या तज्ज्ञांची २०१९ची शिफारस अशी, की दोन्ही भागांत पसरलेला असेल तर दर तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण घालावी. एकाच भागात असेल आणि घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालेला नसेल, जंतू उरलेला नसेल, मेटाप्लेझिया जास्त जोखमीच्या ‘अपूर्ण’ जातीचा नसेल, तर ठरावीक काळाने दुर्बीण घालत राहायची गरज नाही. म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा नळी गिळायची की नाही, हे बाटलीवरच्या चिठ्ठीवर ठरतं!

१९९०च्या सिडनी परिषदेतून निघालेल्या आणि १९९४मध्ये ह्यूस्टनला सुधारलेल्या पद्धतीत पाच तुकडे सांगितले आहेत. दोन अँट्रमचे, दोन वरच्या भागाचे आणि पाचवा कोनाचा. आखूड कड जिथे एकदम वळते तो हा कोन. दुर्बीण जठरातच मागे वळवली की तो कमानीसारखा समोर दिसतो. समोरून जाताना मात्र चिमटा त्याच्यावर तिरका पडतो, निसटतो, म्हणून घाईत तो राहून जातो. अस्तराची झीज पुष्कळदा सुरू होते ती नेमकी इथूनच. माझ्या या पाचव्या तुकड्याच्या हट्टाला सहकारी कंटाळलेत, पण मी तो सोडणार नाही.

शिकाऊ असताना आमचे एक सर कापडी चिकटपट्टीचे तुकडे आधीच बाटल्यांवर लावून ठेवत आणि तपासणी सुरू होण्यापूर्वी सिस्टरांकडून मोठ्याने वाचून घेत. ‘खाली, वर.’ मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटे. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी मी स्वतः तांदळाच्या कणीएवढे चार तुकडे एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकले. एका तुकड्यात मेटाप्लेझिया निघाला. कुठल्या, ते सांगायला कुणीच नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या आजोबांना पुन्हा उपाशीपोटी बोलवावं लागलं.

पाच बाटल्या म्हणजे लॅबचं बिल वाढतं, ही अडचण खरी आहे. पण दोन पुरतात. अँट्रम आणि कोन एका बाटलीत, वरचा भाग दुसऱ्या बाटलीत.

आपल्याकडे हे तुकडे का महत्त्वाचे, ते जपानकडे पाहिलं की कळतं. तिथे २०१६पासून पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी करायच्या जठराच्या कॅन्सरच्या तपासणीत दुर्बिणीचा पर्याय सरकारी शिफारशीत आहे. एखादी जागा यंदा हुकली तर पुढच्या खेपेला दिसते. आपल्याकडे मुंबईत १९६३पासून कॅन्सरची नोंदवही आहे. जठराचा कॅन्सर इथे चेन्नईपेक्षा कमी आणि मिझोरामपेक्षा तर फारच कमी आढळतो, म्हणून सरसकट तपासणी आपल्याला लागू नाही. वसईतला माणूस पित्ताने बेजार झाला की एकदा दुर्बीण घालून घेतो, बहुधा आयुष्यात एकदाच. म्हणून त्या एका खेपेचे तुकडे नीट घ्यायला हवेत.

ताई, आता करायचं ते एवढंच. लॅबमध्ये तुमच्या तुकड्यांचा मेणातला ठोकळा जपलेला असेल. मेटाप्लेझिया पूर्ण जातीचा की अपूर्ण, आणि जंतू दिसतो का, हे त्यावरून पुन्हा बघता येतं. जंतूची वेगळी तपासणी श्वासातून किंवा शौचातून होते. त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारखी गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. गोळी बंद करायची ती मात्र डॉक्टरांना विचारूनच. जंतू निघाला तर औषधांचा कोर्स पुरा करा. आणि तुकडे कुठले होते, हे दुर्बीण घातलेल्या डॉक्टरांना सरळ विचारा. त्यांच्या टिपणात असेलही.

राहिली सुकट. दोरीवर नुसत्या उन्हात वाळलेला बोंबील आणि मिठात मुरवलेला खारा मासा यांत फरक आहे. जठराशी मिठाचं वैर जुनं आहे, त्याला एक अख्खा रविवार लागेल.