एक फोटो, आठ रुंद्या!

नेक्स्ट.जेएस या वेब फ्रेमवर्कमध्ये फोटो आपोआप हलके करण्याची सोय ऑक्टोबर २०२०मध्ये, दहाव्या आवृत्तीबरोबर आली. साध्या आयएमजी टॅगच्या जागी फ्रेमवर्कचा इमेज कंपोनंट टाकायचा, की काम सुरू. पण पडद्यामागे जे चालतं ते फार भारी आहे!

अनेकांना वाटतं, बिल्डच्या वेळीच सगळे फोटो छोटे होत असतील. छे! कुणी पान उघडून फोटो मागितला की हवा तो आकार तेव्हा तयार होतो आणि कॅशमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे फोटो १० असोत वा १० हजार, बिल्ड रेंगाळत नाही. मोठ्या फोटोंसाठी ठरलेल्या रुंद्या आठ: ६४०पासून थेट ३८४० पिक्सेलपर्यंत.

फॉरमॅट कोणता? ते ब्राउझरच सांगतो. आपल्याला काय काय वाचता येतं, याची यादी तो अॅक्सेप्ट हेडरमधून पाठवतो. चालत असेल तर त्याला वेबपी मिळतो. एव्हीआयएफ त्याहूनही साधारण २० टक्के लहान, मात्र पहिल्यांदा तयार व्हायला सुमारे दीडपट वेळ घेतो. तो हवा असेल तर कॉन्फिगमध्ये तसं लिहावं लागतं.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट! ही कापाकापी करते शार्प नावाची लायब्ररी, आणि तिच्या पोटात आहे लिबव्हिप्स. या लिबव्हिप्सचा जन्म १९९०च्या सुमाराचा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बारीकसारीक तपशिलांसह डिजिटल करणाऱ्या व्हासारी प्रकल्पात ती घडली. अख्खं चित्र एकदम मेमरीत न घेता तुकड्या-तुकड्याने हाताळायचं, ही तिची खासियत. अभिजात चित्रांसाठी घडलेलं हत्यार आज ऑनलाइन दुकानांतल्या चपलांचे फोटो हलके करतंय!

बाहेरच्या सर्व्हरवरचे फोटो असतील, तर त्यांचे पत्ते कॉन्फिगमध्ये नोंदवावेच लागतात. नाहीतर कुणीही परका तुमच्या सर्व्हरकडून स्वतःचे फोटो फुकटात छोटे करून घेईल.

खरी मेख पुढे आहे. फोटो त्याच्या चौकटीत पसरवताना 'साइझेस' लिहिलं नाही, तर ब्राउझर तो पूर्ण स्क्रीनभर रुंद आहे असं धरतो आणि छोट्याशा चौकटीसाठी भलामोठा फोटो मागवतो. सगळी मेहनत वाया!

तेव्हा आजच नेटवर्क टॅब उघडा आणि फोटोंच्या पत्त्यांत 'डब्ल्यू'पुढचा आकडा बघा. बोटभर फोटोपुढे ३८४० दिसलं, तर बाकी सगळं सोडून आधी साइझेस लिहा.