सुटी पाने, पक्का डाख

१९८३ साली मी बँकेत चिकटलो, तेव्हा आमच्या शाखेतली लेजरे सुट्या पानांची असत. एखाद्या खात्याचे पान भरले की लेजरचे कुलूप उघडायचे, ते पान काढायचे आणि नवे घालायचे. बाकीच्या वहीला धक्काही लागत नसे. या साध्या सोयीचे मोल मला कळले ते चाळीस वर्षांनी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात.

झाले असे, की मी हौसेने वहीसारखा पातळ लॅपटॉप घेतला. त्यावर नव्या कादंबरीची अकरा प्रकरणे लिहून झाली आणि एका पावसाळी सकाळी त्याने डोळेच उघडले नाहीत. मी घाबरलो नाही. २००६ साली माझा जुना संगणक असाच बंद पडला होता. तेव्हा दुकानदाराने चार स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घेतली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि तासाभरात माझे सगळे लेखन माझ्या हाती ठेवले.

या वेळी दुकानातल्या मुलाने झाकण उघडले आणि मान हलवली. ‘‘काका, यात काढण्यासारखं काही नाहीच. मेमरी, डिस्क, सगळं बोर्डावर सोल्डर केलंय.’’ म्हणजे तांब्याच्या भांड्याला डाख देतात तसे! मी म्हटले, ‘‘अरे, मग ती चिपच उपटून काढ.’’ तो म्हणाला, ‘‘उपयोग नाही. आतला मजकूर सांकेतिक भाषेत असतो आणि त्याची किल्ली याच बोर्डावर. बोर्ड जिवंत झाला तरच काही हाती लागेल.’’

बँकेच्या लॉकरची एक किल्ली तरी ग्राहकाकडे असते!

कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. मेमरी प्रोसेसरच्या लगत डाखली की संदेशाला कमी अंतर कापावे लागते, वेग वाढतो, वीज वाचते. सुटे भाग बदलता येतील असे लॅपटॉप विकणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीनेही २०२५च्या आपल्या डेस्कटॉपमध्ये याच कारणासाठी मेमरी सोल्डर केली. पण डिस्कची गोष्ट वेगळी. ‘एम.२’ नावाची, च्युइंगमच्या पट्टीएवढी, एका स्क्रूवर बसणारी डिस्क घरच्या कामाला वेगाने कुठेच कमी पडत नाही. मेमरी गेली तर पैसे जातात. डिस्क गेली तर नातवाचे फोटो, घराची कागदपत्रे आणि आपण लिहिलेले सारे जाते. म्हणून घेताना दुकानदाराला एवढेच विचारा, ‘‘डिस्क सुटी निघते का?’’ आणि निघत असली, तरी दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत उतरवून ठेवा. बँकेत रोजचा बॅकअप झाल्याशिवाय घरी न जाणारा मी, स्वतःच्या घरी मात्र हे विसरलो.

त्या मुलाने आठ दिवस खटपट केली. बोर्ड काही उठला नाही. त्याने पैसेही घेतले नाहीत.

सात प्रकरणे सौभाग्यवतींना वाचायला छापून दिली होती, ती वाचली. उरलेली चार पुन्हा लिहितो आहे. त्यात नायिकेने आईला लिहिलेले एक पत्र होते. ते मात्र अजून जमलेले नाही.