बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी लागतेच कशी? जालन्यात आलेल्या १०० ग्रॅम बियाण्याची गोष्ट

कापूस बोंडावर आला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. हिरवंगार बोंड, मधोमध फोडलेलं, आणि आत सरकीला चिकटून बसलेली गुलाबी अळी. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की बियाणं तर बीटीचं होतं.

राग रास्त आहे. बीटीचं पाकीट आपण घेतो तेच बोंडअळी लागू नये म्हणून. मग ही अळी मरत का नाही? बियाणं बोगस असू शकतं, पण दरवेळी तसं नसतं. अस्सल बियाण्यातही ही अळी आता जगते. का, ते समजून घ्यायचं तर आधी जालन्यात जावं लागेल.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. संकरित बियाणं लहान शेतकऱ्यापर्यंत नेल्याबद्दल त्यांना १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. याच महिकोला १९९५ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने अमेरिकेतून १०० ग्रॅम सरकी आणायची परवानगी दिली. 'कोकर ३१२' नावाच्या अमेरिकी वाणाची ती सरकी होती, आणि तिच्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं होतं. मोन्सँटो कंपनीचं हे तंत्रज्ञान. जालन्याजवळ दावलवाडीला संशोधन केंद्र असलेल्या महिकोने ते जनुक पिढ्यामागून पिढ्या संकर करत आपल्याकडच्या वाणांत उतरवलं. २६ मार्च २००२ ला तीन संकरित वाणांना मंजुरी मिळाली आणि बीटी कापूस देशात अधिकृतपणे पेरला जाऊ लागला.

आता हा जिवाणू कोण? बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस. आणि त्याचा शोध कापसात लागलेलाच नाही.

१९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरत होते. शिगेताने इशिवाता या शास्त्रज्ञाने मेलेल्या किड्यांतून हा जिवाणू वेगळा काढला. दहा वर्षांनी जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तोच जिवाणू पिठातल्या मेलेल्या अळ्यांत सापडला. थुरिंगिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. (गंमत बघा, २०१८ पासून जालन्यात रेशीम कोषांचीही बाजारपेठ आहे. एकाच जिल्ह्यात कापूसवाल्याला जे अळीपासून वाचवतं तेच रेशीमवाल्याच्या अळ्यांचा जीव घेऊ शकतं. म्हणून तुतीच्या बागेवर किंवा तिच्या आसपास बीटी जिवाणूची फवारणी करू नका असं सांगतात.)

हा जिवाणू बीजाणू तयार करताना प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्यात, जिथे वातावरण अल्कधर्मी असतं, तो विरघळतो. तिथले पाचक रस त्याला कापून विषारी रूप देतात. मग ते प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी, कुलपात किल्ली बसावी तसं बसतं आणि पेशींना भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि आपल्या आतड्यात ते कुलूपच नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावरही कापसातलं हे प्रथिन चालत नाही. बियाण्यावर जो रंगीत थर दिसतो तो बीटी नव्हे, ते रस शोषणाऱ्या किडींसाठी लावलेलं औषध असतं.

हे जनुक झाडात आणणं एका विषयाच्या माणसांचं काम नव्हतं. १९८१ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात श्नेफ आणि व्हाइटली यांनी जिवाणूतून ते जनुक वेगळं काढून दुसऱ्या जिवाणूत चालवून दाखवलं. बेल्जियमच्या गेन्ट विद्यापीठात मार्क व्हॅन माँटॅग्यू आणि जेफ शेल झाडांना गाठी आणणाऱ्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचा अभ्यास करत होते. हा पठ्ठ्या स्वतःचं जनुक झाडात घुसवतो! मग आपल्याला हवं ते जनुक त्याच्यावर लादून पाठवलं तर? जमलं. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, वनस्पतिरोगशास्त्र, पैदासशास्त्र, सगळ्यांनी हातभार लावला तेव्हा ते १०० ग्रॅम तयार झाले.

एक विषय मात्र पुढे मागे पडला, तो म्हणजे कीटकांची आनुवंशिकी. घोळ इथेच आहे.

लाखो अळ्यांमध्ये एखादीचं 'कुलूप' जन्मतःच बिघडलेलं असतं. तिला बीटी लागत नाही. सगळीकडे बीटीच असेल तर फक्त अशाच अळ्या उरतात, त्यांचे पतंग एकमेकांशीच जुळतात आणि पुढची पिढी सगळी तशीच निपजते. म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी मिळायची. ती शेताच्या कडेने लावायची होती, म्हणजे तिथे साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्यांशी जुळतील आणि ताकद पातळ होत राहील.

पण दोन एकरवाल्याला, कडेचा कापूस अळीला खाऊ घाल, असं सांगून कोण ऐकणार? पुडी बांधावर पडली. काही ठिकाणी पर्याय म्हणून तूर लावली गेली. ती हिरव्या बोंडअळीसाठी ठीक, पण गुलाबी अळी तुरीवर जगत नाही. पुढे साधं बी त्याच पाकिटात मिसळून द्यायला सुरुवात झाली, तोवर उशीर झाला होता.

दुसरी अडचण संकरित वाणांची. बहुतेक देशांत बीटी सरळ वाणांत आहे. आपल्याकडे संकरित बियाण्यात जनुक साधारणपणे एकाच पालकाकडून येतं, त्यामुळे झाडावर धरलेल्या बोंडात चारातल्या सुमारे एका सरकीत ते जनुक उतरतच नाही. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एक विषारी, एक बिनविषारी अशी मिसळ मिळाली की तिला पूर्ण मात्रा मिळत नाही आणि ती सरावते.

तिसरी फरदड. नोव्हेंबरनंतर पाणी असलं की आपण कापूस उपटत नाही, दोन क्विंटल जास्तीचा निघतो. त्या दोन क्विंटलसाठी अळीला जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत घर मिळतं. या अळीचं जवळजवळ सगळं आयुष्य कापसावरच असल्याने मध्ये खंड पडला तर ती उपाशी मरते. फरदडीने तो खंडच संपवला.

व्हायचं ते झालं. २०१० मध्ये गुजरातच्या अमरेलीसह चार जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला अळी दाद देत नसल्याचं मोन्सँटोनेच जाहीर केलं. २००६ पासून बाजारात असलेलं दोन जनुकांचं बीजी-२ सुद्धा पुढच्या काही वर्षांत हरलं. २०१७ चा हंगाम मराठवाडा-विदर्भात कोण विसरेल? हिरव्या बोंडअळीवर मात्र बीजी-२ अजून बऱ्यापैकी चालतं, त्यामुळे बीटी पूर्ण निकामी झालं असं म्हणणंही खरं नाही.

हे टाळता आलं असतं का? अ‍ॅरिझोनात शेतकऱ्यांनी साध्या कापसाचे पट्टे खरंच लावले, नंतर विमानातून अब्जावधी वांझ पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. चीनच्या यांगत्से खोऱ्यात तर शेतकऱ्यांनी पैसे वाचवायला संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरलं. त्यातली पाव झाडं आपोआप बिनबीटी निघाली आणि अळीची ताकद चक्क कमी झाली. कुणी ठरवून केलं नव्हतं. आपल्याकडचा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं म्हणूनच मला पटत नाही. जास्त दिवसांचे संकरित वाण त्याने निवडले, पण दुकानात दुसरं काय होतं?

या हंगामात काय करायचं? लवकर तयार होणारा वाण घ्या, मान्सूनपूर्व लागवड टाळा आणि डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. फुलं लागण्याआधी एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसल्या की तोडून अळीसकट नष्ट करा. आणि दर आठवड्याला एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडून बघा, कारण अळी आत शिरली की भोक बुजतं आणि वरून बोंड ठणठणीत दिसतं. विसात दोन किडकी निघाली तर थांबू नका. कोणतं औषध, किती, हे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी सहायकाला विचारा. फोडलेली बोंडं मात्र शेतात टाकून येऊ नका.