‘अधिकृत’ म्हणजे अस्सल?

बायबलची दोन भाषांतरे शेजारी ठेवली की शब्द जुळत नाहीत. मग खरे कोणते, असा प्रश्न पडतो. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. शब्द कुणी बदलला आणि का, हेही विचारले पाहिजे.

इंग्लंडच्या विल्यम टिंडेलने १५२६ साली मूळ ग्रीकवरून केलेला नवा करार सामान्यांच्या इंग्रजीत छापून आणला. ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे जमलेली माणसे, सभा. टिंडेलने तिथे ‘चर्च’ न लिहिता ‘काँग्रिगेशन’, म्हणजे मंडळी, असे लिहिले. दिसायला एकच शब्द! पण ग्रंथात धर्मसंस्थेऐवजी माणसांची सभा आली तर पुरोहितशाहीचे ऐकणार कोण? लंडनमध्ये त्या प्रती जाळण्यात आल्या. १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ टिंडेलला पाखंडी ठरवून गळा आवळून मारले आणि प्रेत जाळले.

पुढे राजा जेम्सच्या हुकमाने नवे भाषांतर सुरू झाले. भाषांतरकारांना नियमच घालून दिला होता : ‘चर्च’ हा जुना शब्द ठेवायचा, ‘काँग्रिगेशन’ नको. १६११ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पुढे ‘अधिकृत’ म्हणून ओळखले गेले. त्यातील नव्या कराराची बरीचशी भाषा मात्र टिंडेलचीच आहे! माणूस जाळला, भाषा ठेवली, अडचणीचा शब्द तेवढा काढला.

अधिकृतपणा सत्ता देते; अस्सलपणा मुळाशी ताडून पाहावा लागतो. ग्रंथ कोणताही असो, ताडून पाहण्याचा हा हक्क वाचकाने पुरोहिताच्या हाती सोपवू नये.